आणि पार्टी

१

अमावास्येला सांगलीच्या बाजारातले हमाल पाठीवर पोतं घेत नाहीत, म्हणून 'वादळ पार्टी'चं रेकॉर्डिंग अमावास्येला असायचं. यात भुताखेतांचा काडीचाही संबंध नव्हता. बैलगाड्यांची खडखड आणि वजन करणाऱ्या तोलारांची ओरड नसलेली दुपार सांगलीशेजारच्या हरिपुरात महिन्यातून एकदाच मिळायची आणि ती पंचांगात आधीच छापलेली असायची, एवढीच सोय.

वादळ पार्टी म्हणजे हंबीररावची पार्टी. हंबीरराव मूळचा कुंडलचा. घरचा ऊस भावांवर टाकून फौजेत गेला, पलटणीच्या बँडमध्ये तेरा वर्षं ट्रंपेट फुंकला आणि येताना एक इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. दुसरी त्याने मिरजेत सतारी करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून करून घेतली. म्हाताऱ्याने सवयीने तिच्या अंगावर मोर काढून दिला. साखर कारखान्यातला फिटर जोतीराम ड्रम बडवायचा. अडुसष्टच्या गणपतीत ही मंडळी पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा अर्धी सांगली कानात बोटं घालून पळाली आणि उरलेली अर्धी पाय दुखेपर्यंत नाचली. "ह्येला रॉक म्हणत्यात!" हंबीरराव माईकवरून ओरडायचा.

आणि गायला शरयू. विश्रामबागच्या मुलींच्या शाळेत ती गाणं शिकवायची. वडील शरच्चंद्रपंत, त्यांच्यापुढे बसून नऊ वर्षं तंबोरा धरलेला. ते गेल्यावर गावभागातल्या दोन खोल्यांत ती आणि गोदावरीमावशी, दोघीच. घरंदाज मुलगी असल्या धांगडधिंग्यात कशी गेली, असं सगळी गल्ली विचारायची. कशी म्हणजे काय? जोतीरामच्या ड्रमचा पहिला ठोका छातीत बसला आणि जन्मभर गिळलेला संताप घशातून बाहेर आला. वडिलांच्या बंदिशीत संतापाला जागा नव्हती. इथे होती.

रेकॉर्डिंग करणारे विष्णुपंत. विश्रामबागेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि टेपरेकॉर्डर होता. स्टुडिओसारखा घुमणारा आवाज कुठून आणायचा, हा प्रश्न हंबीररावने सोडवला. हरिपुरात हळद ठेवायची पेवं आहेत. जमिनीत खणलेले वीस-वीस हात खोल रांजणच ते. तोंड अरुंद, आत पोट सुटलेलं. वर फरशी बसवून कडा चिखलाने लिंपून टाकतात. ओळखीच्या एका व्यापाऱ्याचं एक पेव रिकामं होतं. त्यात दोरीने एक स्पीकर सोडायचा आणि एक माईक सोडायचा. शरयूचा आवाज वायरीने खाली जायचा, पेवाच्या पोटात फिरायचा आणि दुसऱ्या वायरीने मशीनमध्ये परत यायचा. अशी करामत सांगलीकरालाच सुचायची.

सत्तर सालच्या त्या पहिल्या दुपारी पेवाचा राखणदार केरबा याने फरशी सरकवली आणि आत पेटता कंदील सोडला. बंद पेवात हवा विषारी होते. कंदील विझला तर माणूस सोडत नाहीत. कंदील अर्ध्यातच विझला.

"स्पीकरला काय नाक हाय व्हय?" हंबीरराव म्हणाला. "सोड खाली."

पंचवीस पावलांवरच्या दगडी वखारीत पार्टी उभी राहिली. अंतऱ्याच्या मधोमध हळदीच्या धुळीने शरयूला ठसका लागला. तिने तशीच ओळ पुरी केली. नंतर विष्णुपंतांनी टेप लावून दाखवला. ओळ आली, ओळीत ठसका आला. मागोमाग पेवातून परतलेली तीच ओळ आली, सबंध आणि स्वच्छ. तिच्यात ठसका नव्हता.

"बारीक आवाज खोलीत मरतो," विष्णुपंत म्हणाले, पण त्यांनी टेप तीनदा मागे घेतला.

"पेवानं गाळून दिला बगा, बाई," हंबीरराव खूष होता. "मूळ ओळ कापा, पंत. खालचीच ठिवा."

२

रेकॉर्ड निघाली आणि खपली. रसवंतीत, लग्नात, कारखान्याच्या गळीत हंगामाला, सगळीकडे वाजली. शरयूने दुकानात उभं राहून तबकडीवरचा कागद वाचला. 'हंबीरराव आणि पार्टी'. उलटून वाचला. दुसऱ्या बाजूलाही तेच होतं.

"आणि पार्टी म्हणजे कोण?" तिने हंबीररावला विचारलं.

"म्हंजे आपुन समदी की."

"गाणं कुणी गायलंय?"

"तुमी. त्यात काय वाद हाय का?"

"मग माझं नाव?"

"कंपनीवाली म्हणत्यात कागद ल्हान असतुया. म्होरल्या टायमाला घालू, बाई. आता राग सोडा."

हंबीरराव वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर भांडायला बरं पडलं असतं. तो गोड बोलायचा, चहा सांगायचा आणि नाव घालायचा नाही.

बहात्तर साली पाऊस नव्हता, हळद नव्हती, हरिपुरातली निम्मी पेवं मोकळी पडली होती. दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी शरयूने मुद्दाम खोडी काढली. 'माझ्या रानात ये' असं असताना 'त्याच्या रानात जा' असं गायली. टेक वाया जाईल, परत करावा लागेल, मग पुन्हा नावाचा विषय काढता येईल, असा तिचा बेत होता. टेप लागला. 'त्याच्या रानात जा,' तिचा आवाज म्हणाला. मागून पेव म्हणालं, 'माझ्या रानात ये.'

जोतीरामने हातातल्या काठ्या मांडीवर ठेवल्या.

शरयूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला भीती वाटली नाही. तिला सगळं लख्ख कळलं, असं वाटलं. "कोण आहे ती?" ती म्हणाली.

"कोन?"

"दुसरी पोरगी आणून ठेवलीये तुम्ही. मिरजेची असेल. आधी तिच्याकडून गाऊन घेता आणि माझ्या मागे लावता. उद्या मला हाकलायला सोपं!"

"जोतिबाची आण घितो, बाई," हंबीरराव गळ्याला हात लावत म्हणाला. "दुसरं कोन न्हाई."

तिने विष्णुपंतांकडे पाहिलं. ते मशीनकडे बघत राहिले.

३

पुढचे आठ दिवस ती शाळा सुटली की विष्णुपंतांच्या दुकानात जाऊन बसली. एकेक टेप लावायला लावला. प्रत्येक टेपवर तीच होती. दुसऱ्या पोरीचा श्वाससुद्धा सापडला नाही. त्याने ती आणखीच चिडली, कारण न सापडणारी बाई म्हणजे नीट लपवलेली बाई.

मग एकदा शाळेच्या कामाला पुण्याला जाताना लोणंदला गाडी अडकली. इंजिन बिघडलं होतं. स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात तिची दुसरी रेकॉर्ड लागली होती. ती चहा घेत ऐकत राहिली. गाणं संपलं. म्हणजे जिथे तिने संपवलं होतं तिथे संपलं. पण तबकडी फिरतच होती आणि गिटार थांबल्यावर त्या आवाजाने एक तान घेतली. लांब, वरच्या षड्जापर्यंत जाऊन वळणं घेत खाली उतरणारी.

शरयूच्या हातातली बशी कलंडली. ती तान शरच्चंद्रपंतांची होती. खोलीचं दार लावून त्यांनी ती तिला शिकवली होती आणि ती तिने आजवर कुठेही गायली नव्हती, शाळेत नाही, पार्टीत नाही, न्हाणीघरातसुद्धा नाही. त्या दिवशी हरिपुरात भांडणानंतर पुन्हा घेतलेलं गाणं संपताच ती तणतणत निघून गेली होती. मशीन चालूच राहिलं असणार.

"ह्या बाईंचा आवाज लय जहाल हाय," हॉटेलवाला फडका मारत म्हणाला.

"कोण आहेत ह्या?" तिने विचारलं.

"कोन जानं. वर नावच न्हाई की वो."

गाडी सुटल्यावर खिडकीत बसून तिने स्वतःची समजूत घातली. वडिलांनी ती तान आणखी कुणाला शिकवली असेल. बापाबद्दल असा संशय घेताना तिला वाईट वाटलं, पण दुसरा पर्याय मनात आणायला ती तयार नव्हती. पुण्यात पोचेपर्यंत तिचं वडिलांशीही भांडण झालं होतं.

४

तिसरं रेकॉर्डिंग पंच्याहत्तरचं. शरयूने नावाची अट घातली होती. हंबीररावने मान डोलावली होती, म्हणजे काहीच झालं नव्हतं.

"बाई, एक पाऊल मागे," विष्णुपंत म्हणाले. "आवाज फार येतोय."

ती मागे सरली. गायला लागली.

"अजून एक."

चौथ्या वेळी ती भिंतीला टेकली. माईक आठ हातांवर होता. तिथून ती गात होती, अगदी बारीक, घरात मावशी झोपली असताना गुणगुणावं तसं, आणि मशीनवरचा काटा लाल रेघेला जाऊन आपटत होता. विष्णुपंतांच्या कपाळाला घाम आला होता.

टेप लागला. आधी एक आवाज आला, माईकला ओठ लागलेले असावेत इतका जवळून. शब्दाआधीचा ओलसर श्वासही कळत होता. त्याच्या मागून, लांबून, तीच ओळ पातळ होऊन परत आली. शरयूने ती पातळ ओळ ओळखली. ती तिने भिंतीला टेकून गायली होती.

"माझ्या आधी कशी आली?" ती म्हणाली.

विष्णुपंतांनी चष्मा पुसला. "असं होतं. टेप रिळावर गुंडाळला की एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. मग गाण्याआधीच त्याची सावली ऐकू येते. पुस्तकात दिलंय."

"सावली मोठी असते का, पंत? मूळ माणसापेक्षा?"

"नाही," ते म्हणाले. "आणि उमटायला दिवस लागतात. हा टेप आत्ताच काढलाय."

"म्हंजे आपलं मशीन लय भारी हाय," हंबीरराव हसला. कुणी त्याच्याबरोबर हसलं नाही. पण रेकॉर्ड निघाली आणि आधीच्या दोन्हींपेक्षा जास्त वाजली. कागदावर होतं, 'हंबीरराव आणि पार्टी'.

रेकॉर्डिंगच्या दुपारीच केरबाने तिला बाजूला घेतलं होतं. "बाई, तुमी हितं येत जाऊ नगा," तो म्हणाला होता. "म्या फरशी लावतो, चिखल लावतो. सकाळच्या पारी बगतो तर चिखल आतनं ओला असतुया."

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हाईत न्हाई. म्या रोज लिंपतो."

ती केरबावरही खेकसली. तिला वाटलं, हाही त्यांच्यात सामील आहे.

५

आता तिचा गळाच बसू लागला. शाळेत मुली म्हणायच्या, "बाई, ऐकू येत नाही." डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला आणि काही नाही म्हणाले. गोदावरीमावशी रोज ज्येष्ठमध उगाळून द्यायची. "सोड ती पार्टी," ती म्हणायची. शरयू म्हणायची, "नाव आल्याशिवाय सोडणार नाही." सात वर्षं तिने गायलं होतं. त्या तबकड्यांवर कुठेतरी बोटाएवढ्या जागेत आपण होतो असं लिहिलेलं असावं, एवढंच तिचं मागणं होतं आणि त्या मागण्यापायी ती झिजत चालली होती.

सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात साताऱ्याला माजी सैनिकांचा मेळावा होता. मैदान भरलेलं. जोतीरामने ठोका दिला, गिटार कडाडली आणि शरयूने तोंड उघडलं. आवाज आला, पण कर्ण्यापर्यंत पोचेतो त्यातला जीव गेला होता. पहिलं कडवं लोकांनी ऐकून घेतलं. मग मागून एकजण ओरडला, "रेकॉर्डवालीला आना!" मग दहाजण ओरडले. मग सगळं मैदान.

आयोजकांपैकी आप्पासो नावाचे जुने सुभेदार मंचावर आले. माणूस सभ्य होता, हात जोडूनच बोलला. "बाई, वाईट वाटून घिऊ नगा. पर आमी रेकॉर्डवाल्या बाई बोलिवल्या हुत्या."

"मीच ती."

"कशावरनं?"

तिन्ही तबकड्यांवर तिचं नाव नव्हतं. तिने हंबीररावकडे पाहिलं. त्याने एक शब्द बोलायचा होता. तो खाली वाकून गिटारीच्या खुंट्या पिळत बसला, मोरावर अंगठा फिरवत.

परतीच्या टेंपोत ती त्याच्यासमोर बसली. कराड आलं तेव्हा ती म्हणाली, "का बोलला नाहीत?"

"काय बोलनार, बाई?"

"हीच गाते म्हणून सांगायचं! आणखी काय?"

हंबीररावने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं गोड बोलणं पार उतरलं होतं. "जोतिबाची आण, बाई," तो म्हणाला, "मला बी आता कळंना झालंय."

तिने त्याच्या थोबाडीत दिली. जोतीराम मधे पडला. हंबीररावने नुसता गाल चोळला, त्याचाच तिला जास्त संताप आला.

६

अठ्ठ्याहत्तरच्या फाल्गुनात अमावास्येच्या दुपारी शाळेतून निघताना तिला विष्णुपंतांचं दुकान बंद दिसलं. कुलूप होतं. एरवी ते दुपारी दुकानातच डबा खात. शरयू तिथेच रस्त्यात उभी राहिली. चौथी रेकॉर्ड, आणि तिला बोलावणं नव्हतं.

ती हरिपूरच्या रस्त्याने पायी निघाली. दोन्ही बाजूला चिंचा, डोक्यावर ऊन. पायातली चप्पल तुटली तेव्हा ती हातात घेतली. सापडली ती मिरजेची पोरगी की तिच्याच तोंडावर हाणायची, असं तिने ठरवलं होतं. सगळी वाट ती शिव्या जुळवत चालली. मास्तरणीला येऊ नयेत अशाही त्यात होत्या.

आवारात कुणी नव्हतं. हळदीचा हंगाम होता. दुसऱ्या दिवशी पेव भरायचं असणार, कारण तोंडाशी लिंपायला मळून ठेवलेल्या चिखलाची घमेली होती. वखारीचं दार लावलेलं होतं आणि आत ड्रम चालू होता. पेवावरची फरशी चार बोटं सरकवलेली होती. त्या फटीतून एकच वायर आत गेली होती.

एकच. दुसऱ्या वायरीचं वेटोळं करून निंबाखाली ठेवलं होतं आणि त्याच्यावर स्पीकर पडला होता, तोंड वर करून, आत पानं पडलेली. म्हणजे आत फक्त माईक होता. खाली आवाज सोडणारं काहीच नव्हतं.

आणि फटीतून गाणं येत होतं. नवं गाणं. तिने न ऐकलेलं. आवाज तिचाच, दहा वर्षांपूर्वीचा, भरलेला, संतापाने काठोकाठ.

"सापडलीस," शरयू म्हणाली. इतकी वर्षं शोधलेली बाई अखेर हाताशी आली होती, आणि तिला जवळजवळ आनंद झाला. बाईमाणूस खड्ड्यात उतरवून गायला लावतात, काय नालायक लोक आहेत! तिने फरशीला खांदा लावला आणि ती अर्धी सरकवली.

आतून ऊब आली, हळदीचा उग्र वास आला. केरबाचा कंदील तिथेच पेटता ठेवलेला होता. तिने तो दोरीने खाली सोडला. भिंतींवरचा उसाच्या पाचटाचा थर दिसला, पिवळा. माईकची वायर दिसली, ताणलेली. पुरुषभर खाली गेल्यावर ज्योत आखडली, निळी झाली. तिथे श्वास घेता येणार नव्हता. गाणं चालूच होतं, मधे श्वास घेऊन, ओळ सोडून, पुन्हा उचलून.

कंदील विझायच्या आधी एक क्षण तिला दिसलं ते एवढंच. खाली, माईकपाशी, केसांतला भांग. उभ्या बाईचा भांग माडीवरून जसा दिसतो तसा, सरळ, पांढरा. आणि मग तो भांग मागे झुकू लागला, कारण खालची बाई मान वर करत होती.

ज्योत गेली.

७

पळून जायला हवं होतं. दुसरी कुणी असती तर पळाली असती. शरयूला पळायचा विचार सुचलाच नाही, इतका राग तिच्या अंगात होता. तिने फरशी ढकलली, तोंडावर घट्ट बसवली, वायर खाली चेंगरली. घमेल्यातला चिखल दोन्ही हातांनी उपसला आणि कडेने थापायला लागली. "माझं गाणं घेतलंस," ती ओरडत होती, "माझ्या बापाची तान घेतलीस, गा आता! हरामखोर, भवाने, बस आत आणि गा!" चिखल कोपरापर्यंत आला. तिने उरलेल्या फटीवर पायाने चिखल तुडवला.

गाणं थांबलं. वखारीत ड्रमचे चार ठोके जास्त पडले आणि तेही थांबले.

तेवढ्या शांततेत तिला बरं वाटलं. मग फरशीखालून ओरड सुरू झाली.

"हरामखोर! भवाने! माझ्या बापाची तान!"

वखारीचं दार उघडलं. सगळे बाहेर धावले, पुढे केरबा, मागे हंबीरराव, गळ्यात गिटार तशीच. शरयू पेवाच्या तोंडाशीच उभी होती. ती म्हणाली, "ऐका, ऐका कशी माझ्या आवाजात—"

केरबा तिच्या बाजूने गेला आणि फरशीपाशी गुडघ्यावर बसला. "आवं, शरयूबाई हायत! बाई आत हायत!" तो किंचाळला. "कुनी लिंपलं ह्ये?"

"मी इथे आहे," शरयू म्हणाली.

जोतीराम तिच्या इतका जवळून गेला की त्याच्या घामाचा वास आला. तो फरशीच्या कडेचा चिखल नखांनी ओरबाडू लागला. ती त्याच्या कानाशी ओरडली. घसा फाटेल एवढं ओरडली. घशात काहीतरी हललं, छाती आत गेली, तोंड उघडलं. तिच्या स्वतःच्या कानांनासुद्धा काहीच ऐकू आलं नाही. निंबातला कावळा ऐकू येत होता. केरबाचं धापा टाकणं ऐकू येत होतं.

फरशी हलली. हातभर फट झाली. पेवात माणूस असला की वरच्याने त्याला बोलतं ठेवायचं असतं. उत्तर थांबलं तर माणूस गेला असं समजायचं. केरबाने फटीला तोंड लावलं.

"बाई, हाय का?"

"आहे," खालून शरयूचा आवाज म्हणाला.

"धीर धरा! दोर सोडतो. बाई, हाय का?"

"आहे. काढा मला वर. आठ वर्षं झाली."

हंबीररावने गळ्यातली गिटार काढून मातीत टाकली. तो पालथा पडला आणि त्याने पेवात हात घातला, खांद्यापर्यंत. तो रडत होता. तेरा वर्षं फौजेत काढलेला तो माणूस पोरासारखा रडत होता. "या वर, शरयूबाई," तो म्हणाला. "चुकलं माजं. लय मोटं चुकलं. ह्या रेकॉर्डावर तुमचं नाव घालतो. माजं न्हाई घालत, तुमचं एकटीचं घालतो. मोट्या अक्षरात."

शरयूने चिखलाने भरलेला हात त्याच्या पाठीवर आपटला. पुन्हा आपटला. ज्या शब्दांसाठी ती आठ वर्षं झिजली होती ते शब्द तो एका भोकात बोलत होता. हंबीररावने पाठीवर माशी बसावी तसा खांदा उडवला आणि हात आणखी खाली घातला.

मग तो आवाज म्हणाला, "तोंडी नको. आधी लिहा."

"ल्ह्या, पंत!" हंबीरराव ओरडला. "ल्ह्या की लवकर!"

विष्णुपंतांनी खिशातून पेन काढलं आणि टेपचा रिकामा खोका गुडघ्यावर धरला. "पूर्ण नाव सांगा, बाई," ते म्हणाले.

खालून तिने ते सांगितलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश. विष्णुपंतांनी लिहून घेतलं. मग खालून एक हात वर आला आणि त्याने हंबीररावचं मनगट धरलं.